ग्लो पावडरच्या रेझिनमध्ये एलईडी बसवताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही अंधारात चमकणारी हिरवी पावडर मिसळून इपॉक्सी रेझिनची पेंडंट आणि खिडकीत टांगायचे साधारण ६ सेंमी व्यासाचे गोळे बनवता. आता त्यात वॉर्म व्हाइट फेअरी लाइटची माळ कापून तीन-तीन दिव्यांचे तुकडे बसवायला सुरुवात केली आहे आणि ते मोबाइलच्या चार्जरवर चालवता. दिवे चालू असताना पावडरची चमक दिसतच नाही. बंद केले की चमक पाच-दहा मिनिटांत मावळते. आणि काही गोळ्यांतले दिवे आठवड्याभरात कायमचे गेले.

पहिली गोष्ट तक्रारीत धरूच नका. एलईडीचा उजेड पावडरच्या चमकेपेक्षा कितीतरी पटींनी प्रखर असतो, त्यामुळे दिवा चालू असताना चमक दिसणं शक्यच नाही. दिवा आणि चमक एकाच वेळी दाखवायचा हट्ट सोडला की पुढचे बरेच निर्णय आपोआप सुटतात. ग्लो रेझिनमधली एलईडी ही पावडर भरून काढणारा चार्जर आहे. ती थोडा वेळ लागावी, विझावी आणि खरा देखावा त्यानंतर सुरू व्हावा. दिव्याचा रंग, जागा, करंट, बॅटरी, सगळं या एका कामाच्या हिशेबाने निवडायचं.

दुसऱ्या तक्रारीचं मूळ दिव्याच्या रंगात आहे.

तुमची पावडर चांगल्या प्रतीची असेल तर ती स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट आहे, त्यात युरोपियम आणि डिस्प्रोशियम या धातूंचा किंचित अंश घातलेला असतो. जपानच्या नेमोतो कंपनीने १९९० च्या दशकात ही पावडर बाजारात आणली. त्याआधी तांबं मिसळलेलं झिंक सल्फाइड चालायचं, ते फार लवकर विझायचं. (दुकानात आजही लोक ‘रेडियम पावडर’ म्हणून मागतात. यात रेडियम नसतं आणि ही पावडर किरणोत्सारी नाही, गिऱ्हाइकाने विचारलं तर निःशंक सांगा.) प्रकाश पडला की युरोपियम ऊर्जा घेतं, त्यातले काही इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या सापळ्यांत अडकतात आणि खोलीच्या उष्णतेने हळूहळू सुटत राहतात. सुटताना ५२० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश पडतो (नॅनोमीटर म्हणजे प्रकाशाच्या लहरीचं माप, आकडा जितका लहान तितका रंग निळ्या-जांभळ्याकडे). म्हणूनच गरम जागी चमक जास्त दिसते पण लवकर संपते, आणि थंड जागी मंद दिसते पण टिकते.

मेख ही की ऊर्जा घेण्यासाठी प्रकाश पुरेसा ‘निळा’ लागतो. ही पावडर अतिनील ते साधारण ४५० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश खाते, त्यापुढे तिची भूक वेगाने कमी होते. पांढरी एलईडी म्हणजे मुळात ४५० च्या आसपासची निळी चिप आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळा प्रकाश पिवळ्यात बदलणारा लेप. कूल व्हाइटमध्ये निळ्याचा बराच भाग तसाच बाहेर येतो, म्हणून ती बऱ्यापैकी चार्ज करते. वॉर्म व्हाइटमध्ये त्याच निळ्यातला बहुतेक भाग पिवळ्या-तांबड्यात बदललेला असतो. डोळ्याला ती छान ऊबदार दिसते, पावडरला मात्र जवळजवळ उपाशी ठेवते. लाल, पिवळी आणि हिरवी एलईडी या कामाला बिनकामाची. सगळ्यात चांगली ४०० ते ४०५ नॅनोमीटरची जांभळी, जिला दुकानदार सरसकट ‘यूव्ही एलईडी’ म्हणतात. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला ५ मिमीची सुटी एलईडी घेताना नॅनोमीटरचा आकडा विचारून घ्या. ३६५ ची घेऊ नका, जरी पावडर तिनेही उत्तम चार्ज होते. तिचा उजेड डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे माणूस नकळत तिच्याकडे पाहत राहतो. शिवाय इपॉक्सीला पिवळं पाडण्यात ती सर्वांत पुढे.

माझ्या शब्दावर विसंबायची गरज नाही. चिमूटभर पावडर पारदर्शक झिप पिशवीत घ्या, अंधाऱ्या खोलीत जा, आणि हाताशी असलेली प्रत्येक एलईडी अर्धा मिनिट पिशवीला टेकवून धरा. कुठल्या डागाचा उजेड किती वेळ टिकतो हे डोळ्यांना लगेच कळेल. रेझिनचा एक थेंबही खर्च न करता निम्मा प्रश्न निकालात निघतो. पावडर बनावट किंवा जुन्या झिंक सल्फाइडची असेल तर तेही याच चाचणीत उघडं पडतं: जांभळ्या एलईडीखालीही तिचा डाग काही मिनिटांतच बुजतो.

पाकिटावर ‘१० ते १२ तास चमक’ छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. या पावडरीची चमक सुरुवातीला झपाट्याने उतरते आणि मग फार मंद गतीने रेंगाळते. ते तास अंधाराला पूर्ण सरावलेल्या डोळ्यांचे आहेत. गिऱ्हाइकाला ‘पहिला अर्धा तास ठळक, मग रात्री जाग आल्यावर दिसेल इतपत’ असं सांगितलं तर कुणी परत येऊन भांडत नाही. जास्त वेळ टिकल्यासारखी वाटावी असं हवं असेल तर निळसर हिरवी पावडर वापरून पाहा. तिचा प्रकाश ४९० नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि अंधारात आपले डोळे ५०० च्या आसपासच्या प्रकाशालाच सर्वांत जास्त जागे असतात. गुलाबी, नारिंगी, लाल ग्लोच्या वाट्याला मी सहसा जात नाही. त्या बऱ्याचदा वेगळ्या रसायनाच्या आणि अल्पायुषी असतात, किंवा हिरव्यातच रंग मिसळलेला असतो आणि तो रंग अर्धा उजेड गिळतो.

वॉर्म व्हाइटचा मोह सुटत नसेल तर दोन्ही घाला: दिवा म्हणून दिसायला वॉर्म, चार्जिंगला जांभळी. पिवळा दिवा विझला की आतून हिरवा उजेड वर येतो, आणि लोकांना हा बदलच आवडतो. मात्र दोघींना वेगवेगळे रेझिस्टर (करंट आवरणारा छोटा सुटा भाग) हवेत.

आता दिव्याची जागा. तुम्ही सगळ्या रेझिनमध्ये पावडर कालवून मधोमध एलईडी पुरता, असं वर्णनावरून वाटतं. पावडरचे कण प्रकाश विखुरतात आणि शोषतातही. त्यामुळे दाट मिश्रणात दिव्याचा प्रकाश काही मिलिमीटरच आत जातो. दिव्याभोवतीची पावडर तुडुंब भरते आणि बाहेरच्या पृष्ठभागाशी, जिथे तुम्हाला चमक हवी आहे, तिथे फारसं काही पोहोचत नाही. आतली चमकही बाहेर येता येता वाटेतच संपते. महागड्या पावडरचा मोठा भाग असा गोळ्याच्या पोटात वाया जातो.

त्याऐवजी गाभा स्वच्छ ठेवा आणि पावडर बाहेरच्या पातळ कवचात घाला. एक ते दोन मिलिमीटरचा थर पुरे. त्यात वजनाने १५ ते २० टक्के पावडर, म्हणजे ५० ग्रॅम मिश्रणाला १० ग्रॅमपर्यंत. गोळ्याचा संपूर्ण देह धुरकट आणि थोडा पारदर्शक दिसायला हवा असेल तर आत ३ ते ५ टक्क्यांहून जास्त नको. पेंडंटसाठी उलटा साचा वापरत असाल तर पावडरचा थर आधी ओता, तो दर्शनी बाजूला येतो. मग एलईडी, मग स्वच्छ रेझिन आणि सगळ्यात मागे पांढऱ्या रंगद्रव्याचा एक पातळ थर. हा पांढरा थर मागे जाणारा प्रकाश परत पुढे ढकलतो. काळा थर दिवसा देखणा दिसतो, पण रात्री निम्मी चमक खातो. रंग हवा असला तरी पावडरच्या थरात अल्कोहोल इंक किंवा मायका (चमकी पावडर) मिसळू नका.

पावडर तळाशी बसते ही सर्वांची रड असते. बसणारच, कारण तिची घनता पाण्याच्या साडेतीन पटींहून जास्त आहे आणि रेझिनची जेमतेम सव्वापटीच्या आत. पण दर्शनी बाजू साच्याच्या तळाशी असेल तर हे बसणं आपल्या फायद्याचं: पावडर आपणहून पुढच्या पृष्ठभागावर जाऊन दाट होते. गोळ्यात मात्र हे चालत नाही, खालचा अर्धा भाग हिरवा आणि वरचा रिकामा राहतो. तिथे मी पावडर आधी फक्त रेझिनमध्ये कालवतो, बुडबुडे वर येऊ देतो, मग हार्डनर (रेझिन घट्ट करणारा दुसरा घटक) घालतो आणि मिश्रण एकतारी पाकाइतकं घट्ट होईपर्यंत थांबतो. मग दोन अर्धगोल साच्यांत ते भिंतींना फासत फिरवायचं. पहिला थर चिकट अवस्थेत आला की दुसरा हात. हार्डनरचं प्रमाण पावडर सोडून फक्त रेझिनच्या वजनावर किंवा मापावर काढा. पावडरसकट वजन करून प्रमाण चुकवलेले चिकट गोळे मी बरेच पाहिले आहेत.

ढवळायला लाकडी किंवा प्लास्टिकची काडी घ्या. पावडरचे कण कठीण असतात, स्टीलचा चमचा खरवडून मिश्रण करडं करतात. पावडर तोलताना एन९५ मास्क लावा, घासताना तर नक्कीच. आणि शक्यतो पावडरच्या थराला पॉलिश पेपर लावायची वेळच येऊ देऊ नका. वरून स्वच्छ रेझिनचा एक हात असेल तर तोच घासला जातो.

यूव्ही रेझिनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पेंडंट करणारा माणूस आज ना उद्या तिकडे वळतोच. यूव्ही रेझिन ज्या ३६५ ते ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशाने घट्ट होतं, तोच प्रकाश ग्लो पावडर शोषते. वरचा पापुद्रा कडक आणि खाली चिखल, असा प्रकार होतो. पावडर घातलेलं यूव्ही रेझिन एकेक मिलिमीटरच्या थरांतच लावा आणि प्रत्येक थर दोन्ही बाजूंनी दिव्याखाली धरा. जाड तुकड्याला इपॉक्सीच बरं.

एलईडी रेझिनमध्ये बुडवली की तिचा एक गुण हरवतो, तो आधीच माहीत असलेला बरा. ५ मिमी एलईडीचा गोल माथा हे भिंग असतं, ते प्रकाश एका झोतात गोळा करतं. पण तो माथाही इपॉक्सीचाच. भोवती इपॉक्सी आलं की दोघांचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याचं प्रमाण) जवळजवळ सारखा, म्हणून भिंग भिंग राहत नाही. झोत पसरतो आणि एलईडीचा आकारही दिसेनासा होतो. आपल्याला हे हवंच असतं, कवच सगळीकडून भरतं. फक्त ‘झोताची’ म्हणून जास्त पैसे देऊन एलईडी आणू नका. याउलट, एलईडीच्या कडेला चिकटून राहिलेला हवेचा बुडबुडा लांबूनही चमकतो. ओतण्याआधी एलईडी, तिची खालची कड आणि तारा काडीने रेझिन लावून ओल्या करा, निम्मे बुडबुडे तिथेच टळतात.

तारांचंही एक शास्त्र आहे. अनेक पदरी वायरच्या पदरांमधली हवा रेझिन गरम झालं की सांध्यातून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येत राहते. एकेरी, इनॅमलचा मुलामा दिलेली पातळ तांब्याची तार वापरा. सिलिकॉनच्या वेष्टणाची मऊ वायर हाताला छान वाटते, पण इपॉक्सी सिलिकॉनला धरत नाही (साचे सिलिकॉनचे असतात ते त्यासाठीच), त्यामुळे वायरीभोवती चंदेरी नळी दिसते आणि ओढली तर ती सुटून येते. हॉट ग्लूने एलईडी जागी चिकटवायची सवय असेल तर मोडा. गरम होणाऱ्या रेझिनमध्ये तो मऊ पडतो आणि एलईडी ऐन वेळी वाकडी होते. यूव्ही रेझिनचा एक थेंब हे काम जास्त चांगलं करतो.

तुमचे दिवे का गेले, तर तीन कारणं संभवतात आणि तुमच्या बाबतीत पहिल्यावर माझा जास्त संशय आहे.

फेअरी लाइटच्या माळेतले सगळे दिवे दोन तारांमध्ये समांतर जोडलेले असतात. प्रत्येकाला वेगळा रेझिस्टर नसतो. असलाच तर डबीत एक, तोही अख्ख्या माळेच्या हिशेबाने. बटन सेलच्या डबीत बऱ्याचदा तोही नसतो, कारण सेलचा स्वतःचा अंतर्गत रोधच करंटला आवर घालतो. तुम्ही २० दिव्यांची माळ तोडून तीन दिवे घेतले आणि सेल काढून ५ व्होल्टचा चार्जर लावला. चार्जर हवा तेवढा करंट देऊ शकतो आणि वाटून घ्यायला दिवे तीनच उरले. आठवडाभर टिकले हेच नवल.

उपाय सोपा आहे. सुटी एलईडी घ्या आणि प्रत्येकीला तिचा रेझिस्टर द्या. जांभळ्या आणि पांढऱ्या एलईडीवर साधारण ३.२ व्होल्ट पडतात. ५ व्होल्टच्या पुरवठ्यातून उरले १.८, म्हणून २२० ओहमने ८ मिलिअँपिअर मिळतात. दोन बटन सेल एकापुढे एक लावून ६ व्होल्ट केले तर ४७० ओहमने ६ मिलिअँपिअर. एलईडीच्या पाकिटावर २० मिलिअँपिअर लिहिलेलं असलं तरी तितका द्यायची गरज नाही. रेझिन उष्णतेचं मंद वाहक आहे, आत पुरलेल्या दिव्याला हवेची झुळूक मिळत नाही, आणि पावडर काही सेंटिमीटरवर असताना ६ ते ८ मिलिअँपिअर भरपूर होतात. एक वॉटच्या ‘स्टार’ एलईडी या कामात आणूच नका. रेझिस्टर रेझिनबाहेर, डबीत ठेवा, म्हणजे पुढे बदलता येतो.

दुसरं कारण घट्ट होतानाची उष्णता. ६ सेंमीचा गोळा म्हणजे जवळपास ११३ घनसेंटिमीटर, सव्वाशे ग्रॅमच्या घरात रेझिन. टेबलटॉपवर पातळ ओतायचं जलद रेझिन एवढ्या जाडीत एकदम ओतलं तर मध्यभाग १०० अंश सेल्सिअसच्या पुढेही जाऊ शकतो. पिवळेपणा, तडे आणि मेलेली एलईडी हे सगळं एकत्रच येतं. जाड ओतायचं संथ कास्टिंग रेझिन घ्या, किंवा दोन-तीन टप्प्यांत ओता. प्रत्येक टप्पा बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही अशा अवस्थेत असताना पुढचा ओतला तर दोन्ही थर एकजीव होतात आणि मधली रेघ दिसत नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की ही क्रिया साधारण दुपटीने वेगवान होते, म्हणून पुण्याच्या जानेवारीतलं वेळापत्रक नागपूरच्या मे महिन्यात वापरू नका.

तिसरं कारण जरा बारीक आहे. ३ आणि ५ मिमीच्या पायवाल्या एलईडी आधीच कडक इपॉक्सीत बंद असतात, म्हणून त्यांना आपलं रेझिन सुखाने सोसतं. काही चपट्या एलईडींवर मात्र मऊ सिलिकॉनचा थेंब असतो. त्याच्यावर कडक रेझिन आकसलं की आतली केसाहून बारीक सोन्याची तार तुटू शकते. असा दिवा कधी लागतो, कधी लागत नाही, थंडीत बंद आणि उन्हात चालू असे चाळे करतो. पेंडंट फारच पातळ असेल तरच चपटी एलईडी वापरा, तीही वरून कडक असलेली.

ओतण्याआधी एलईडी जोडणीसकट एक रात्र चालू ठेवून बघा. आणि प्रत्येक थर ओतल्यावर क्षणभर लावून पाहा, कारण पाय हलला असेल तर तो रेझिन ओलं असतानाच सरळ होतो. लांब पाय धन, कडेला सपाट खाच असलेली बाजू ऋण. पाय कापण्याआधी खूण करून ठेवा.

बॅटरी रेझिनमध्ये पुरू नका, कितीही पातळ असली आणि समाजमाध्यमांवरच्या व्हिडिओत कितीही सुरेख दिसत असली तरी. लिथियमच्या पाऊचला फुगायला जागा लागते आणि कडक रेझिन ती देत नाही. बटन सेल घट्ट होतानाच्या उष्णतेने खराब होतो, आणि संपल्यावर तुमची वस्तू म्हणजे नुसता कचरा. सेल बाहेर, स्क्रूने बंद होणाऱ्या डबीत. स्क्रू मी मुद्दाम म्हणतो. सीआर २०३२ सारखा २० मिमीचा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम करतो, आणि अंधारात चमकणारी वस्तू मुलांच्या हातात जाणारच. घरात रांगतं मूल असलेल्या गिऱ्हाइकाला मी सेलवालं पेंडंट विकतच नाही. त्याला दिवा नसलेलं ग्लो पेंडंट आणि एक छोटी जांभळी टॉर्च देतो, तीही मुलाच्या हाती देऊ नका असं सांगून.

आणखी एक स्पष्टच सांगतो. दिवाळीच्या २३० व्होल्टच्या माळेचा तुकडा रेझिनमध्ये घालायचा विचारही करू नका. त्यात घरातल्या विजेच्या लाइनपासून वेगळेपणा नसतो. रेझिनला एक तडा गेला, एक टोक उघडं पडलं, की शोभेची वस्तू जिवावर बेतेल. ५ व्होल्ट आणि बऱ्यापैकी कंपनीचा चार्जर, इथवरच थांबायचं.

दिवा ‘थोडा वेळ लागून विझण्याचं’ काम कसं करायचं? सगळ्यात स्वस्त म्हणजे दाबाचं बटन. मिनिटभर दाबून धरा, सोडा. पेंडंटला हे पुरतं. टांगायच्या गोळ्याला आपोआप हवं असेल तर ५५५ टायमर चिपची छोटी सर्किट पाटी डबीत बसवा, तासाला एक मिनिट दिवा लावणारी. बॅटरीवर चालवायचं असेल तर साधा ५५५ नको, तो स्वतःच तीनेक मिलिअँपिअर पितो. त्याची कमी वीज खाणारी सीमॉस जात, ७५५५, मागा. हिशेब असा: सीआर २०३२ ची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. ६ मिलिअँपिअरने सतत जाळला तर कागदावर ३६ तास, प्रत्यक्षात कमीच, कारण हा सेल इतक्या मोठ्या करंटसाठी बनलेला नाही. तासाला एकच मिनिट जाळला तर दिव्याचा सरासरी खर्च ०.१ मिलिअँपिअर, टायमरचा जवळपास तितकाच. म्हणजे जेमतेम दीड दिवसाऐवजी महिना-दीड महिना सहज. शिवाय जांभळा प्रकाश कमी वेळ पडल्याने रेझिन पिवळं व्हायला वेळ लागतो, आणि हा फायदा मला बॅटरीच्या बचतीहून मोठा वाटतो. घरगुती इपॉक्सी बहुधा बिस्फेनॉल-ए या रसायनापासून बनलेलं असतं, ते अतिनीलाच्या जवळच्या प्रकाशाने पिवळं पडतंच. रेझिनच्या बाटलीवरचं ‘यूव्ही स्टेबल’ हे त्याला उशीर लावण्याचं आश्वासन समजा.

पावसाळ्यात हे काम कोकणात किंवा मुंबईत करत असाल तर पावडर आणि हार्डनर दोघांनाही ओल बाधते. बिनमुलाम्याची स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट पाण्याशी संयोग पावून चमक गमावते, म्हणून डबा घट्ट लावा आणि आत सिलिका जेलची पुडी टाका. हार्डनर हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन वर तेलकट, ढगाळ साय आणतो. ती कोमट पाण्याने आणि स्पंजने पूर्ण धुऊन, वाळवूनच पुढचा थर द्या, नाहीतर थर सुटतो. साच्यावर झाकण ठेवणं हा यावरचा सगळ्यात सोपा इलाज.

विक्रीच्या मोठ्या गोळ्यांबाबत माझं मत जरा वेगळं आहे. मी त्यात एलईडी पुरतच नाही. वरच्या टोकाकडून आत जाणारी ६ मिमीची पोकळी ठेवतो: साच्यात सिलिकॉनची नळी उभी करायची आणि रेझिन घट्ट झाल्यावर ओढून काढायची. टोपणाला एलईडी जोडलेली असते, ती पोकळीत उतरते. पोकळीची भिंत थोडी खरबरीत राहिली तर उत्तम, प्रकाश चहूबाजूंना पसरतो. दिवा गेला तर गिऱ्हाईक टोपण बदलतं, मला गोळा परत पाठवत नाही. पेंडंटला एवढी जाडी नसते, तिथे पुरण्यावाचून गत्यंतर नाही.

हाताशी असलेले बंद पडलेले गोळे टाकून देऊ नका. तारेचा गुंता जिथे आहे त्याच्या शेजारून, मागच्या किंवा वरच्या बाजूने, ६ मिमीच्या ड्रिल बिटने अगदी कमी वेगात भोक पाडा. घरगुती रेझिन ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं, म्हणून दर थोड्या वेळाने थांबून बिट थंड करा आणि बुरा झटका. पावडर सगळीकडे कालवलेली असल्याने बिट लवकर बोथट होईल, जुनं बिटच वापरा. भोक दर्शनी पृष्ठभागापासून सेंटिमीटरभर अलीकडे थांबवा. ४०० नॅनोमीटरची ५ मिमी एलईडी तारांसकट तपासून घ्या, भोकात थोडं स्वच्छ यूव्ही रेझिन सोडा, एलईडी हळू फिरवत बसवा म्हणजे हवा निघून जाईल. मग बाहेरून जांभळी टॉर्च मारा आणि आतली एलईडीही दोन-तीन मिनिटं लावून ठेवा. ४०० चा प्रकाश तिच्याभोवतीचं रेझिन आतून घट्ट करतो, जिथे पावडरमुळे बाहेरच्या टॉर्चचा उजेड पोहोचला नसता. पावडर खोलवर असल्याने या गोळ्यांची चमक पातळ कवचाच्या नव्या गोळ्यांइतकी येणार नाही. दोन्ही एकत्र विकू नका, जुने थोडे स्वस्त लावा.